साधन अडले तर

मुले परगावी किंवा परदेशी आणि आईवडील पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या सदनिकेत आपापले राहणारे, हे चित्र महाराष्ट्रात आता सर्रास आढळते. मात्र त्या स्वतंत्र राहण्याचा बराचसा भार एखाद्या काठीवर, वॉकरवर किंवा चाकांच्या खुर्चीवर असतो, आणि हे साधन कधी ना कधी बिघडणार असे गृहीत धरून काही ठरवून ठेवलेले क्वचितच दिसते. आठवड्याच्या गोळ्या डबीत मोजून भरलेल्या असतात, डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर चिकटवलेला असतो. पण खुर्चीचे चाक बसले तर पलंगापासून संडासापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न घरात कुणी विचारलेलाच नसतो.

बहुतेक साधने अचानक दगा देत नाहीत, आधी खुणा दाखवतात, आणि त्या खुणा ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. काठीच्या टोकाचे रबर घ्या: त्याच्या तळाला जी वर्तुळाकार खाचणी असते ती झिजून गुळगुळीत झाली, की ओल्या फरशीवर काठी धरत नाही, आणि आतल्या नळीची कड रबर कापून बाहेर येऊ लागली की काठी म्हणजे घसरणारी सळईच होते. वॉकरच्या चारही पायांना उंची कमीजास्त करण्यासाठी भोके आणि त्यांत बसणारे स्प्रिंगचे बटण असते. एखादे बटण भोकातून पुरते बाहेर आलेले नसेल तर वॉकर वरवर ठीक उभा राहतो आणि वजन पडताच तो पाय आत सरकतो. महिन्यातून एकदा, पेन्शनची नोंद पाहण्याच्या दिवशी म्हणा, ही बटणे आणि रबरे बोटांनी चाचपून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

हाताने ढकलायच्या खुर्चीत अधिक फसवी गोष्ट आहे ती ब्रेकची. अशा खुर्चीचा ब्रेक म्हणजे मागच्या मोठ्या चाकाच्या टायरवर दाबून बसणारा धातूचा तुकडा असतो, म्हणजेच त्याची पकड टायर किती टणक आहे यावर ठरते. हवेच्या टायरमधील हवा उतरली की दांडा नेहमीप्रमाणे ओढला जातो, ब्रेक लागल्यासारखा वाटतो, आणि माणूस खुर्चीवरून पलंगावर सरकत असताना खुर्ची मागे निसटते. त्यामुळे हवा भरणे हे चाकापुरते काम नसून ब्रेकचेही काम आहे. भरीव रबराच्या टायरला पंक्चरची भीती नसते, पण तो झिजला की ब्रेक आणि टायर यांच्यातले अंतर वाढते व ब्रेक पुढे सरकवून बसवून घ्यावा लागतो. या चाकांची पंक्चरे आणि किरकोळ कामे जवळचा सायकलवाला सहसा करू शकतो, फक्त त्याला एकदा खुर्ची दाखवून, तो घरी येईल का हे विचारून ठेवलेले असावे. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, तेवढे काढले तरी खुर्चीचा जडपणा पुष्कळदा जातो.

विजेवर चालणाऱ्या खुर्चीचे गणित निराळे आहे. तिच्यात सामान्यतः बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट मिळवलेले असतात. त्या शिसे-आम्लाच्या असतील आणि खुर्ची आठवडेच्या आठवडे चार्ज न करता पडून राहिली, तर आतील पट्ट्यांवर क्षाराचे स्फटिक घट्ट बसतात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. परदेशातील मुलीकडे दोन महिने राहून परतलेल्या आजींची खुर्ची सोसायटीच्या फाटकापर्यंतही जात नाही, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. त्याहून महत्त्वाचे असे, की बहुतेक विजेच्या खुर्च्यांच्या मोटारीला चुंबकीय ब्रेक असतो आणि वीज तुटताच तो आपोआप आवळतो. सुरक्षिततेसाठी हे योग्यच, पण बंद पडलेली खुर्ची मग ढकलूनही हलत नाही. ती हलवायची तर मोटारीजवळचा एक खटका फिरवून चाके मोटारीपासून सोडवावी लागतात, आणि तो सोडवल्यावर खुर्चीला ब्रेकच उरत नाही, म्हणून उतारावर हा खटका कधीही फिरवू नये. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचा हात तिथे बहुधा पोचत नाही. तेव्हा शेजारी, घरकामाच्या बाई आणि वॉचमन यांना तो एकदा दाखवून ठेवणे हेच खरे नियोजन होय.

खुर्ची धडधाकट असून लिफ्ट बंद, हाही एक बिघाडच समजावा. पाणी आणि औषध यांचा एका दिवसाचा साठा घरात असणे, तसेच वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे यंत्र आपल्या इमारतीत आहे की नाही हे सोसायटीच्या सभेत विचारणे, एवढे तरी ज्येष्ठांच्या हातात असते.

दुसरे साधन ठेवावे का, तर ठेवावे, आणि ते महागडे असण्याची गरज नाही. नवा वॉकर आला की जुना भंगारात देण्याची घाई नडते. अनेक शहरांत सेवाभावी संस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात, जिथे अनामत ठेवून खुर्ची, वॉकर किंवा कमोडची खुर्ची अल्प भाड्याने मिळते. केंद्राची वेळ आणि साहित्य घरपोच मिळते का हे आधीच विचारून घ्यावे. उसनी आणलेली खुर्ची संडासाच्या अरुंद दारातून जात नाही, हे मात्र नेमके गरजेच्या वेळी कळते, म्हणून दाराची रुंदी मोजून कागदावर लिहिलेली असावी.

सरकारी योजनांचा भर साधन देण्यावर आहे. २०१७ साली दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साधने पुरवणाऱ्या कानपूरच्या सरकारी निर्मिती निगमाकडून एक वर्ष मोफत देखभालीची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना ३,००० रुपये एकरकमी मिळतात. साधनवाटपाचे समारंभ होतात, दुरुस्तीचे होत नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या बेअरिंगचा आणि बॅटरीचा खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर माहिती व मार्गदर्शन मिळते, पण कारागीर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बिघाडाने पडण्याची वेळ आलीच, तर इजेइतकाच धोका जमिनीवर पडून राहण्याचा असतो, कारण तासाहून अधिक वेळ उठता न आल्यास त्वचा, स्नायू आणि शरीरातील पाणी या सर्वांवर परिणाम होतो. शेजाऱ्यांकडे किल्ली दिलेली असूनही रात्री आतून कडी लावली जाते आणि किल्ली निरुपयोगी ठरते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. आतून कडीऐवजी किल्लीने उघडणारे कुलूप आणि गळ्यात किंवा खिशात फोन, हे दोन बदल फारसे खर्चिक नाहीत. ‘कुणाला त्रास नको’ या संकोचापोटी ते टाळले जातात, आणि हा संकोच बॅटरीपेक्षा बदलायला अवघड आहे.

दिवाळीत मुले घरी असताना एक सकाळ साधन बाजूला ठेवून पाहिली, तर घरातील कच्चे दुवे लगेच उघडे पडतात. पलंगावरून उठताना कशाचा आधार घेतला जातो, दिव्याचे बटण हाताशी येते का, हे तेव्हा दिसते. न्हाणीघरात हात बहुतेक वेळा टॉवेलच्या दांडीकडे जातो, आणि ती दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेलीच नसते. तिच्या जागी मुठीत मावेल अशी पोलादी दांडी पक्क्या भिंतीत ठोकून घेण्याचे काम त्याच सुट्टीत उरकता येते.