आर्ताची हांक

संकट आलें म्हणजे ज्यास देव आठवतो, त्याच्याकडे आपल्या सुशिक्षित घरांतून किंचित् हेटाळणीनेंच पाहिलें जातें. "एरवीं कधीं संध्येची पळी हातीं धरली नाहीं, आणि आतां रामरक्षा म्हणावयास बसला!" हा टोमणा भाविक सासूबाईंच्या तोंडीं असतो, तसाच देव न मानणाऱ्या चिरंजीवांच्याही तोंडीं असतो. एकीच्या मतें हा भक्तीचा अपमान, दुसऱ्याच्या मतें बुद्धीचा. इतर कोणत्याही गोष्टींत ज्यांचें पटत नाहीं, त्या दोघांचें एवढ्या एका बाबतींत एकमत व्हावें याचें आम्हांस नवल वाटतें. आणि दोघांनींही गीतेचा सातवा अध्याय स्वस्थपणें वाचलेला नसावा, अशी शंकाही येते.

त्या अध्यायांत भगवंतांनीं आपल्या भक्तांचे चार वर्ग सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी आणि ज्ञानी. गणनेचा आरंभ आर्तापासून आहे, हें ध्यानांत घ्यावें. ज्ञानी हा सर्वांत प्रिय, असें पुढें म्हटलें आहे खरें. परंतु पुण्यवान् चौघेही, आणि थोर चौघेही. आर्त म्हणजे कोण, हें सांगतांना श्रीशंकराचार्यांनीं भाष्यांत चोर, वाघ व रोग हीं उदाहरणें दिलीं आहेत. म्हणजे संकट कांहीं सूक्ष्म आध्यात्मिक तळमळीचें नव्हे. अगदीं रोकडें, अंगावर धांवून आलेलें. नवसाची गोष्ट निराळी. 'हें दे, म्हणजे तें देईन' हा व्यवहार झाला, आणि आमचें मन त्याकडे ओढत नाहीं. पण भगवंतांनीं अर्थार्थ्यासही जागा ठेवली आहे, तेव्हां त्यास हुसकून लावणारे आम्ही कोण?

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो 2021 सालच्या एप्रिलपासून. करोनाची दुसरी लाट ऐन भरांत होती. देवळें 2020 च्या मार्चांत बंद झालीं, तीं 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास उघडलीं. आणि या एप्रिलांत पुन्हां त्यांस कुलुपें लागलीं, तीं थेट 7 ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशीं निघालीं. आदल्या आषाढींत तर माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाडीनें पंढरपुरास गेल्या होत्या. अशा दिवसांत एका रात्रीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला. त्याचे वडील इस्पितळांत प्राणवायूवर होते, आणि आंत जाण्याची कोणास परवानगी नव्हती.

"सर, मी देव मानत नाहीं, हें तुम्हांला ठाऊकच आहे. पण सुटीच्या पाठांतराच्या वर्गांत तुम्हीं गजेंद्राचें स्तोत्र पाठ करून घेतलें होतें. दोन श्लोकांपुढें आठवत नाहीं. पाठवाल का?" मग थोडें थांबून म्हणाला, "मागायला लाज वाटते."

आम्हीं तें रात्रींच हातानें लिहून काढलें व त्याचें छायाचित्र त्यास पाठविलें. लाजेसंबंधीं कांहीं बोललों नाहीं.

गजेंद्राची कथा भागवताच्या आठव्या स्कंधांत आहे, आणि तिच्यांतील एक गोष्ट कीर्तनांत सहसा ऐकूं येत नाहीं. त्रिकूट पर्वतावरील सरोवरांत नक्रानें पाय धरल्यावर हत्तीनें लगेच हांक मारली नाहीं. तो हजार वर्षें झुंजला. कळपानें ओढून पाहिलें, तेंही व्यर्थ गेलें. हत्तीचें बळ सरत गेलें आणि पाण्यांतल्या प्राण्याचें वाढत गेलें. मग त्याच्या तोंडीं जें आलें, तें त्यानें त्या वेळीं रचिलेलें नव्हतें. पूर्वजन्मीं तो पांड्य देशाचा राजा इंद्रद्युम्न होता. त्या जन्मीं शिकलेलें स्तोत्र त्यास आठवलें, असें व्यास सांगतात. आमचा सारा जन्म मुलांकडून पाठांतर करून घेण्यांत गेला, त्यामुळें या एका शब्दाशीं आम्ही नेहमीं थबकतों. पाठांतरास हल्लीं पोपटपंची म्हणतात. म्हणोत. पण देऊळ बंद, इस्पितळाचें दार बंद, अशा रात्रीं मनुष्याजवळ जें उरतें तें तेवढेंच.

दुसरें असें कीं, त्या स्तोत्रांत कोणा एका देवाचें रूप वर्णिलेलें नाहीं. म्हणून तर ब्रह्मदेवादि आपापल्या रूपाचा अभिमान बाळगणारे देव आले नाहींत, असें भागवतकार सांगतात. देव न मानणाऱ्या मुलास नेमकें हेंच स्तोत्र आठवावें, यांत आम्हांस कांहीं विसंगति दिसत नाहीं. खोटें न बोलतां तें त्यास म्हणतां येत होतें.

वडील तिसऱ्या आठवड्यांत गेले. पुढें पंधरा दिवसांनीं त्याचा पुन्हां दूरध्वनि आला. आमच्याकडे सांत्वनाचे शब्द तयार होते, पण त्यानें भलताच प्रश्न केला : "सर, नक्रानें पाय सोडल्यावर हत्ती परत कळपांत गेला का?"

वाचकहो, चाळीस वर्षें हें प्रकरण शिकवूनही असा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. उत्तर मात्र ग्रंथांत स्पष्ट आहे. हत्ती परत गेला नाहीं. भगवंताच्या स्पर्शानें त्यास भगवंताचेंच रूप प्राप्त झालें. हत्तिणींचें व पिलांचें पुढें काय झालें, याविषयीं एक अक्षर नाहीं. आणि त्याहून मोठी गोष्ट स्तुतींतच आहे. पाय सुटावा म्हणून आरंभिलेल्या त्या स्तुतींत शेवटाकडे हत्ती म्हणतो कीं, मला आतां या देहानें जगावयाचें नाहीं, या अज्ञानाच्या आवरणांतून मला सोडव. नक्र अजून पायाशींच आहे, पण मागणें पालटलें आहे. हें आम्हीं त्यास जसेंच्या तसें सांगितलें. "माझंही शेवटीं तसंच झालं," एवढेंच तो म्हणाला. बाबा बरे व्हावेत, इथून निघून शेवटच्या दोन रात्रीं त्यांना भीति वाटूं नये, इथवर तो आला होता. ती वाटली कीं नाहीं, हें कोणास कळणार? तें आम्हीं त्यास सांगूं शकलों नाहीं, आणि कोणीं सांगूंही नये.

हांक मारल्यानें हातपाय गळतात, असा जो आक्षेप आहे, त्याविषयीं फार लिहीत नाहीं. तो मुलगा दिवसभर औषधासाठीं दुकानें पालथीं घालीत होता आणि रात्रीं स्तोत्र म्हणत होता. द्रौपदीनेंही भरसभेंत आधीं कायद्याचाच प्रश्न विचारला : युधिष्ठिर प्रथम स्वतःस हरला कीं मला? भीष्मांसही त्याचा निर्णय देतां आला नाहीं. तिनें कृष्णाचा धांवा केला तो त्यानंतर. तो धांवाही भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, 1966 सालीं पुऱ्या झालेल्या चिकित्सक आवृत्तींत मूळ संहितेंतून काढून तळटीपेंत घातला आहे. वस्त्रें येत राहतात. तीं कोणीं पुरविलीं, हें संहिता सांगत नाहीं. आमच्या वृद्ध आत्याबाईंना आम्हीं हा निर्णय हस्तलिखितांच्या प्रमाणांसह समजावून सांगितला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, "अगदीं काढून तर नाहीं ना टाकला? तळटीपेंत का होईना, आहे ना तो?"