काच आणि फिल्म यांच्यामधली हवा

उन्हाळ्यात जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीचा (बीडची आष्टी वेगळी) पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि लग्नसराईही तेव्हाच असते. कृष्णधवल फोटोंच्या काळात मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या स्टुडिओवाल्याचा हा कमाईचा हंगाम, पण डार्करूममधल्या निगेटिव्हचे हालही याच दिवसांत. फिल्मच्या एका अंगाला जिलेटिनचा थर असतो. कोरड्या हवेत तो आकसतो आणि फिल्म त्या बाजूला वळते, ऊन लागलेल्या पानासारखी.

अशी वळलेली निगेटिव्ह एन्लार्जरच्या (चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) कॅरियरमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या चौकटीत, ठेवली की तिच्या फक्त कडा दाबल्या जातात, मधला भाग अधांतरी राहतो. त्यातच वरच्या दिव्याच्या उष्णतेने तो फुगतो. कारागीर नवरीच्या डोळ्यांवर फोकस साधतो, कागद लावतो आणि तेवढ्यात निगेटिव्ह जागा सोडते. प्रिंट हायपोतून, म्हणजे ती पक्की करणाऱ्या द्रावणातून, बाहेर काढल्यावर कळते की डोळे धूसर आहेत आणि मंडपाचा खांब मात्र लख्ख. म्हणून जाणते लोक दिवा आधी काही वेळ लावून ठेवत, फिल्मला काय फुगायचे ते फुगू देत आणि मग फोकस करत.

पक्का इलाज म्हणजे काचेचा कॅरियर. दोन काचांच्या मध्ये निगेटिव्ह दाबून धरली की ती हलत नाही. सहा सेंटिमीटर रुंदीच्या मोठ्या, लवचीक 120 फिल्मसाठी तर तो फारच उपयोगी.

गंमत अशी की आधीच्या पिढ्यांना हा प्रश्नच नव्हता. जालना निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844-1905) यांनी वेरूळ, दौलताबाद टिपले ते काचेच्या प्लेटांवर. त्यांची निगेटिव्ह म्हणजेच काच, ती वळणार कशी? पुढे हलकी, गुंडाळता येणारी फिल्म आली, कॅमेरा खांद्याला अडकवता आला. मात्र फिल्मला सपाट धरण्यासाठी डार्करूममध्ये काच परत आणावी लागली.

परत आलेल्या काचेने नवी अडचण आणली. प्रिंटवर, विशेषतः आकाशासारख्या किंवा मागच्या पडद्यासारख्या एकसारख्या भागात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी वेडीवाकडी वलये उमटू लागली. यांना न्यूटनची वलये म्हणतात. रॉबर्ट हूकने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’त पातळ थरांतल्या अशा रंगीत कड्यांचे वर्णन केले होते. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्यांची बारकाईने मोजमापे मांडली आणि नाव त्याचे पडले.

फिल्मची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते. ती काचेला टेकते, पण सगळीकडे सारखी नाही, मध्ये हवेचा अतिशय पातळ पापुद्रा राहतो. काही प्रकाश या फटीतून सरळ पार होतो, तर काही फटीच्या दोन्ही भिंतींवर आपटून मागाहून निघतो. दोन्ही लाटा जुळल्या की उजेड वाढतो, विरुद्ध पडल्या की घटतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 550 नॅनोमीटर. फट 275 नॅनोमीटरने वाढली की पुढचे वलय येते. माणसाचा केस याच्या अडीचशे पट जाड असतो! इतका सूक्ष्म फरक आष्टीसारख्या गावातला कारागीरही नुसत्या डोळ्यांनी पाहू शकत होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

उपाय आहे तो किंचित खरखरीत केलेली काच वापरण्याचा. तिच्यामुळे फट जागोजागी कमीजास्त होते आणि वलयाला आकारच धरता येत नाही. ही काच वर, फिल्मच्या चकचकीत पाठीला लावायची. खालची काच साधी, स्वच्छ, कारण चित्र तिच्यातूनच लेन्सकडे जाते. शिवाय खाली येणारी जिलेटिनची बाजू मुळातच मंद, सूक्ष्म उंचसखल असते, तिथे वलये सहसा धरत नाहीत.

धुळीचा जाच मात्र वाढतो. फिल्मचे दोन पृष्ठभाग, त्यात काचांचे चार, म्हणजे पुसायचे सहा. कोरड्या हवेत फिल्म पुसताना तिच्यावर विद्युतभार साचतो आणि धूळ उलट ओढली जाते. 35 एमएमची निगेटिव्ह 12 बाय 18 इंचांपर्यंत वाढवली की सगळे जवळजवळ 13 पट होते. 0.05 मिलिमीटरचा कण कागदावर 0.6 मिलिमीटरचा पांढरा ठिपका होऊन बसतो, आणि मग बारीक ब्रशने एकेक ठिपका रंगवत बसावे लागते.

आज डार्करूम फारशा उरल्या नाहीत, पण वलये आहेत. आईवडिलांच्या लग्नाची निगेटिव्ह कुणी स्कॅनरच्या काचेवर चकचकीत बाजूने थेट ठेवली की तीच कडी पडद्यावर दिसतात. मंद बाजू काचेकडे करून पाहा. मात्र नंतर संगणकावर चित्र आडवे उलटवायला विसरू नका, नाहीतर आईचा पदर दुसऱ्याच खांद्यावर दिसेल.