वाऱ्याला न भुलणारा बोया

समुद्राची माहिती गोळा करणारा बोया घरीच बांधायला घेतलेल्या माणसाचा सगळा जीव आधी इलेक्ट्रॉनिक्समध्ये अडकतो. खरं तर तेवढंच काम आता सोपं झालंय. जीपीएस, मायक्रोकंट्रोलर, उपग्रहाला निरोप धाडणारा मोडेम, सगळं बाजारात मिळतं. इरिडियमच्या छोट्या मोडेमवरून एका खेपेला जेमतेम 340 बाइट जातात. पण ठिकाण, वेळ आणि पाण्याचं तापमान कळवायला ते पुष्कळ झाले. घोडं अडतं ते दुसरीकडेच. बोया पाण्याबरोबर वाहिला पाहिजे, वाऱ्याबरोबर नव्हे.

नुसता डबा सोडला तर वारा त्याला रेटत नेतो आणि नकाशावर उमटते ती वाऱ्याची वाट. यावर 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या रस डेव्हिस यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या 'कोड' प्रयोगासाठी तोडगा काढला. मधोमध मीटरभर लांबीची नळी, तिला फुलीसारखी चार कापडी शिडं, आणि हा सगळा पसारा पाण्याखाली. वर दिसतात फक्त चार छोटे तरंगे आणि अँटेना. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे विद्यार्थी याच घाटाचे बोये हाताने बांधत आले आहेत. 2012मध्ये मेक्सिकोच्या आखातात असे तीनशेच्या आसपास बोये सोडले, तेव्हा त्यांवर बसवलेलं यंत्र होतं भटक्यांसाठी विकलं जाणारं 'स्पॉट'. ते दर 5 मिनिटांनी ठिकाण कळवायचं.

बांधणीत चिकाटी लागते. झाकणाच्या रबरी कड्यावर एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं. म्हणून आधी डब्यात नुसता टिश्यू कागद ठेवून, वजन बांधून तो रात्रभर पिंपात बुडवावा. कागद कोरडा निघाला तरच सर्किट आत जावं. तापमापक डब्याला चिकटवू नये, उन्हात डबाच तापतो.

आणि हा बोया बहुधा परत येत नाही, म्हणजे आपण समुद्रात प्लास्टिकच टाकतो! 2016मध्ये मेक्सिकोच्या आखातात सोडलेले सुमारे हजार बोये म्हणूनच विघटनशील प्लास्टिकचे होते. घरच्या कारागिरानेही निदान लाकूड आणि सुती कापड वापरावं.

हाती आलेली माहितीही डोळे झाकून घेऊ नये. संथ, वेडावाकडा वाहणारा बोया अचानक सरळ रेषेत बंदराकडे धावू लागला, तर प्रवाह बदललेला नसतो. कुणा मच्छीमाराने तो होडीत घेतलेला असतो. तिथपासूनच्या नोंदी सरळ कापून टाकायच्या.