स्टेंटनंतरचे हृदय

भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढणारा कारीगर छातीत कळ येऊन इस्पितळात दाखल होतो, सरकारी योजनेतून त्याच्या अरुंद झालेल्या रोहिणीत स्टेंट बसतो, आणि दुखणे मिटले अशा समजुतीने तो महिन्याभरात पुन्हा साच्यापुढे उभा राहतो. परंतु रक्ताअभावी स्नायूचा जो भाग एकदा मृत झाला, त्याच्या जागी व्रणच उरतो, आणि उर्वरित स्नायूवर पडलेल्या जादा भाराने डावा कप्पा वर्षानुवर्षे प्रसरण पावत जाऊन त्याची आकुंचनशक्ती क्षीण होते, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. हृदय थांबत नाही. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे लोटणे त्याला जमेनासे होते; हीच हृदयविफलता.

तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली नोंदविलेल्या १२०५ हृदयविफल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्क्यांच्या व्याधीचे मूळ रोहिण्यांच्या विकारातच होते, आणि त्यांचे सरासरी वय अवघे ६१ होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाची दुर्बलता किंवा अनियमित ठोका सोबतीला असला, म्हणजे धोका वाढतो.

आमच्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. जेवणात सुकट आणि लोणचे. आणि उभे राहून आखडलेल्या कंबरेसाठी चिठ्ठीविना घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, जी शरीरात मीठ व पाणी अडवून धरतात. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा उमटतो, पण ‘दिवसभर उभा असतो, पाय सुजणारच’ म्हणून त्याची वासलात लागते. जिना चढताना लागणारी धाप, दोन उशांशिवाय न येणारी झोप, तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलेले वजन, यांचीही तीच गत.

वास्तविक इलाज आहेत. मधुमेहासाठी निघालेले डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या दुर्बल हृदयासही उपकारक ठरते, हे २०१९ साली सिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी भारतातील पेटंटची मुदत संपून त्याची किंमत उतरली. अडचण निराळीच आहे: मजुरी मीटरवर मिळते, सबब तपासणीचा दिवस म्हणजे खाडा.

ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांनी इकोच्या अहवालातील हृदयाच्या पंपिंगचा टक्का डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. कारखानदारांनीही अशा कारीगरास तपासणीसाठी महिन्याकाठी अर्धा दिवस पगारी द्यावा.