वेदपाठशाळा

वेदांचे मुखपरंपरेने अध्ययन व अध्यापन करणारी परंपरागत निवासी शाळा. उपनयन झालेला मुलगा लहान वयातच तीत दाखल होई आणि आपल्या शाखेची संहिता मुखोद्गत होईपर्यंत गुरूच्या घरी किंवा पाठशाळेच्या वास्तूत राही. प्राचीन गुरुकुलाशी तिचे जवळचे नाते आहे. तथापि गुरुकुल हे गुरूचे कुटुंब असे, तर पाठशाळेला पुढे राजाश्रय, देवस्थान, दानशूर गृहस्थ किंवा गावकरी यांचा आधार मिळत गेला [→ गुरुकुल]. महाराष्ट्रात नासिक, पैठण, वाई, पुणे इ. ठिकाणी अशा अध्ययनाची परंपरा होती. येथे मुख्यतः ऋग्वेदाची शाकल शाखा, कृष्णयजुर्वेदाची तैत्तिरीय शाखा आणि शुक्लयजुर्वेदाच्या माध्यंदिन व काण्व या शाखा यांचे अध्ययन चालत आले आहे.

पाठशाळेतील जीवन दोन वेगवेगळ्या कालगणनांनी बांधलेले असे. अध्ययन तिथीप्रमाणे चाले आणि भोजन वाराप्रमाणे. विद्यार्थ्याची विद्या पंचांगावर, तर त्याचा उदरनिर्वाह गावातील सात घरांवर अवलंबून असे. या संस्थेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या दुहेरी व्यवस्थेत दिसून येतात.

दिनक्रम : विद्यार्थी पहाटे उठून स्नान, संध्यावंदन व समिधांचे हवन करीत. त्यानंतर सकाळी नवा पाठ मिळे. त्यास ‘संथा’ म्हणतात. गुरू मंत्राचा लहानसा भाग उच्चारी व शिष्य तो पुन्हा म्हणत. प्रथम पद, मग चरण, मग अर्धी ऋचा व शेवटी संपूर्ण ऋचा असा क्रम असे. दुपारच्या भोजनानंतर सकाळच्या पाठाची घोकणी आणि सायंसंध्येनंतर मागील पाठांची उजळणी होई. उदात्त, अनुदात्त व स्वरित या स्वरांचा भेद मान वा हात यांच्या हालचालींनी पक्का केला जाई. माध्यंदिन शाखेत हस्तस्वराला विशेष महत्त्व आहे. स्वर चुकला, तर मंत्र चुकला असे मानीत असल्यामुळे ऐकणे आणि दुरुस्त करणे हेच गुरूचे मुख्य काम असे. पोथी जवळ असली, तरी प्रमाण मानले जाई ते गुरुमुखच.

याशिवाय पाणी भरणे, देवपूजेची तयारी करणे, जागा झाडणे-सारवणे, गुरूच्या घरातील किरकोळ कामे करणे ही विद्यार्थ्यांकडे असत. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांची उजळणी घ्यावी, अशी प्रथा असे. त्यामुळे एकच गुरू वेगवेगळ्या टप्प्यांवरील अनेक मुलांना सांभाळू शके.

पक्षाचा क्रम व अनध्याय : रविवारची साप्ताहिक सुट्टी पाठशाळेला ठाऊक नव्हती. प्रत्येक पक्षातील प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावास्या या तिथींना वेदाध्ययन वर्ज्य असे. या दिवसांना ‘अनध्याय’ म्हणतात. त्यामुळे द्वितीयेपासून सप्तमीपर्यंत सहा दिवस अध्ययन, अष्टमीस विश्रांती, नवमीपासून त्रयोदशीपर्यंत पाच दिवस अध्ययन आणि पुढे चतुर्दशीपासून नव्या पक्षाच्या प्रतिपदेपर्यंत सलग तीन दिवस विश्रांती, असा क्रम बसे. तिथीची क्षय-वृद्धी सोडल्यास १५ तिथींपैकी ११ तिथी अध्ययनाच्या व ४ अनध्यायाच्या होत.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायांचे विस्तृत विवेचन आहे. अमावास्येचे अध्ययन गुरूचा, तर चतुर्दशीचे अध्ययन शिष्याचा नाश करते, असे तीत म्हटले आहे. मेघगर्जना, धुळीचे वादळ, गावातील मृत्यू यांसारख्या निमित्तांनीही अध्ययन थांबविले जाई. या नियमांमागे पावित्र्याची कल्पना आहे, हे उघड आहे. तथापि केवळ श्रवणावर चालणाऱ्या शिक्षणात कोलाहलाच्या वेळी नवा पाठ देणे धोक्याचे होते आणि अखंड पाठांतराच्या श्रमाला नियमित खंडाची गरज होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. वेदांगे व नित्याचा स्वाध्याय यांना अनध्याय लागू नसल्याचे मनुस्मृतीच सांगते. त्यामुळे मोकळ्या दिवशी व्याकरणाची सूत्रे घोकणे, पोथ्यांची नक्कल करणे, कपडे धुणे, समिधा व दर्भ आणणे ही कामे होत.

वर्षाचा आरंभ श्रावणातील उपाकर्माने (श्रावणीने) होई. प्राचीन विधीनुसार त्यानंतर साडेचार महिने वेदाध्ययन करून उत्सर्जन करावयाचे आणि नंतर शुक्ल पक्षात वेद व कृष्ण पक्षात वेदांगे अभ्यासावयाची, असा दंडक होता. पुढे अध्ययन वर्षभर चालू राहिले, तरी श्रावणीचे महत्त्व टिकून राहिले.

अभ्यासाचा व्याप : ऋग्वेदात १० मंडले, १,०२८ सूक्ते व सुमारे साडेदहा हजार ऋचा आहेत. महिन्यात २२ दिवस अध्ययनाचे धरले आणि दररोज १० ऋचा पक्क्या झाल्या असे मानले, तरी केवळ संहितेलाच चार वर्षे लागतात. त्यानंतर संधी सोडवून म्हणावयाचा पदपाठ आणि दोन-दोन पदांची साखळी जोडणारा क्रमपाठ येतो. त्यापुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ व घन या आठ विकृती आहेत. घनपाठात तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने उलटसुलट म्हणावयाची असतात. मग पुढचे पद घेऊन तीच रचना पुन्हा करावयाची. कोणतेही पद गळले वा बदलले, तर ही वीण तेथेच विसकटते व चूक कळते. लेखनाचा आधार न घेता ग्रंथ अक्षरशः जतन करण्याचे हे साधन होय. संहिता, ब्राह्मण, आरण्यक, सहा वेदांगे व निघंटू यांचे पाठांतर पूर्ण करणाऱ्यास ‘दशग्रंथी’ आणि घनपाठात पारंगत असलेल्यास ‘घनपाठी’ म्हणतात. परीक्षक कोणत्याही मंत्राचा आरंभ सांगे आणि विद्यार्थ्याने तेथून पुढे अस्खलित म्हणावे, अशी परीक्षेची रीत होती. पुण्यात १८७५ मध्ये स्थापन झालेल्या वेदशास्त्रोत्तेजक सभेने अशा परीक्षांना संघटित रूप दिले.

या पद्धतीत अर्थाकडे दुर्लक्ष होते, हा आक्षेप जुना आहे. अर्थ न जाणता वेद पाठ करणारा हा भार वाहणाऱ्या खांबासारखा होय, असे यास्काने निरुक्तात म्हटले आहे. अर्थविचार हे शास्त्रपाठशाळांचे क्षेत्र मानले गेल्याने पाठ आणि अर्थ यांची बरीच फारकत झाली. नारायणशास्त्री मराठे (केवलानंद सरस्वती) यांनी वाई येथे १९१६ मध्ये स्थापन केलेल्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययनाला आधुनिक चिकित्सेची जोड मिळाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तेथलेच विद्यार्थी होत.

भोजनव्यवस्था : विद्येचे मूल्य घ्यावयाचे नाही, या संकेतामुळे पाठशाळेत शुल्क नसे, परंतु सर्व मुलांना जेवू घालणे गुरूला परवडणारे नव्हते. यातून ‘वार लावून जेवणे’ ही पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. विद्यार्थी गावातील सात गृहस्थांकडे आठवड्याचा एकेक वार ठरवून घेई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, याप्रमाणे. ज्याचे सातही वार भरत नसत, तो उरलेल्या दिवशी माधुकरी मागे. झोळी घेऊन ठराविक घरांसमोर उभे राहावे, भिक्षेचे वाक्य म्हणावे आणि मिळालेले शिजलेले अन्न आणून खावे, अशी ही रीत होय. यजमानाच्या घरी सुतक पडले किंवा मंडळी परगावी गेली, तर त्या दिवसाचा वार बुडे. तिथीमुळे पाठ चुके, तसा वारामुळे घास चुके.

या व्यवस्थेमुळे गरीब मुलांना पैशाविना शिक्षण मिळाले आणि पाठशाळेचा भार साऱ्या गावाने वाटून घेतला. विद्यार्थ्याला पोसणे हे पुण्यकर्म मानले जात असल्यामुळे वार देणाऱ्याला त्यात उपकाराची भावना असू नये, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात मात्र पंक्तीच्या टोकाला बसणारा वारकरी मुलगा कोणत्या घरी मायेने, कोणत्या घरी केवळ रीत म्हणून वाढला जाई. इंग्रजी शाळांसाठी शहरात आलेल्या अनेक गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांनीही एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच पद्धतीने शिक्षण पुरे केले.

सामाजिक मर्यादा : वार आणि माधुकरी ही जातीच्या चौकटीतील व्यवस्था होती. अन्नव्यवहार जातीने बांधलेला असल्याने ज्यांना वेदाधिकार नाकारला होता, त्यांना हा निवासी शिक्षणाचा मार्गही बंद होता. स्त्रिया व शूद्र मानलेले सर्व समाज त्याबाहेर राहिले. पेशवाईत पुण्यास श्रावणात वाटली जाणारी दक्षिणाही ब्राह्मणांपुरतीच होती. त्या निधीच्या आधारे कंपनी सरकारने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात काढलेल्या पाठशाळेचे स्वरूपही आरंभी तसेच राहिले.

या व्यवस्थेला खरे उत्तर वसतिगृहांनी दिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना चालना दिली आणि १९२० मध्ये मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक विद्यालयही स्थापन केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः श्रम करीत आणि एकाच पंक्तीत जेवत. सात घरी विभागलेले ताट येथे एका छपराखाली आले आणि त्याचबरोबर त्यावरील जातीचा निर्बंधही गेला. पुढे १९७० नंतरच्या काळात पुण्यात स्त्रियांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू झाले. ते पाठशाळांच्या चौकटीबाहेरचे असले, तरी अधिकाराचा जुना प्रश्न त्यांनी पुन्हा पुढे आणला.

सद्यःस्थिती : राजाश्रयाचा लोप, इंग्रजी शिक्षणाचे आकर्षण व अनिश्चित उपजीविका यांमुळे पाठशाळा क्षीण झाल्या. पतंजलीने ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १,००० व अथर्ववेदाच्या ९ शाखांचा उल्लेख केला आहे; त्यांपैकी मोजक्याच आज मुखपरंपरेने टिकून आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेले व उज्जैन येथे असलेले महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान पाठशाळांना साहाय्य देते. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणपरंपरेचा मानवतेच्या अमूर्त वारशात गौरव केला व २००८ मध्ये तिचा प्रातिनिधिक यादीत समावेश झाला.

आजच्या पाठशाळांत सामान्यतः सामुदायिक भोजनगृह असते. वार लावण्याची प्रथा जवळजवळ लुप्त झाली आहे. अनेक ठिकाणी वेदाबरोबर गणित, इंग्रजी यांसारखे विषयही शिकविले जातात. संथेची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही. ध्वनिमुद्रण शुद्ध पाठ ऐकवू शकते, पण शिष्याची चूक ऐकून त्याला थांबवू शकत नाही. म्हणून या परंपरेचे जतन अखेर गुरू आणि मुले एकत्र राहण्यावरच अवलंबून आहे. ती मुले कोणत्या समाजातून येणार आणि शिकून झाल्यावर त्यांची उपजीविका कशी चालणार, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे भवितव्य ठरेल.