ड्रॅगन चालतो, टोमॅटो चालत नाही

जे. आर. आर. टोल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये पहिल्याच प्रकरणात बिचाऱ्या बिल्बो बॅगिन्सच्या घरी तेरा बुटके आणि गँडाल्फ नावाचा जादूगार येऊन थडकतात. बुटक्यांना आमंत्रण नाही, काही नाही, आणि फर्माइशी मात्र लग्नाच्या वऱ्हाडासारख्या. कुणाला केक हवा, कुणाला जॅम, कुणाला चीज. त्यात गँडाल्फ थंड चिकन आणि टोमॅटो मागतो. हे १९३७ सालचं पुस्तक. पुढे १९६६ साली टोल्किनने त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि या वाक्यातला टोमॅटो गुपचूप काढून टाकला. त्याच्या जागी व्हिनेगरमध्ये मुरवलेलं लोणचं आलं.

सोन्याच्या ढिगावर लोळणारा, माणसासारखा बोलणारा ड्रॅगन राहिला. बोटात घातली की माणूस गायब करणारी अंगठी राहिली. गेला तो टोमॅटो!

अभ्यासक याचं कारण असं लावतात : टोल्किनच्या कथा जिथे घडतात ती मध्यभूमी म्हणजे परका ग्रह नव्हे, तर आपलीच पृथ्वी, फार फार जुन्या काळातली. आणि टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर तो युरोपात आला. तेव्हा पुराणकाळातल्या जादूगाराने तो कुठल्या बाजारातून आणायचा?

पण मग बटाट्याचं काय? तो तर पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. तरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) सॅम गॅमजी बटाट्यासाठी जीव टाकतो. त्याचा बाप तर गावातला बटाट्यांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध. शत्रूच्या मुलखाच्या वेशीवर सॅम सशाचा रस्सा शिजवतो, जवळ बटाटे नाहीत म्हणून हळहळतो आणि वाट दाखवणाऱ्या भुकेल्या गोलमला वचन देतो, की तू सुधारलास तर तुला तळलेला मासा आणि बटाट्याचे काप करून घालीन. मासा आणि काप ही जोडी इंग्लंडमध्येसुद्धा एकोणिसाव्या शतकातच जमली! पीटर जॅक्सनच्या २००२ सालच्या चित्रपटातही हा बटाट्याचा संवाद आहे. मला विचाराल तर त्या चित्रपटातल्या भल्यामोठ्या लढाईपेक्षा तोच जास्त लक्षात राहतो.

तंबाखूही अमेरिकेचीच, पण तिची अडचण टोल्किनने आणखी गमतीने सोडवली. बिल्बो-सॅमसारखे हॉबिट लोक पाइप ओढतात, पण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्या पानाला ‘पाइपची वनस्पती’ म्हटलंय, आणि प्रस्तावनेत तिची वंशावळच दिली आहे. ती इथली नव्हे, समुद्रापलीकडच्या लोकांनी बहुधा गलबतांतून आणलेली. बटाट्यासाठी मात्र असा खुलासा नाही. इंग्रज खेडेगाव डोळ्यांपुढे आणायचं आणि बटाटा वगळायचा, हे त्यालाही जमलं नसावं.

ड्रॅगन कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे लेखक म्हणेल तो ड्रॅगन. टोमॅटो मात्र प्रत्येकाने खाल्लेला असतो. कल्पित जगावर विश्वास बसतो किंवा उडतो तो अशा जागी, जिथे वाचकाची स्वतःची जीभ साक्षीला येते.

सी. एस. लुईसला ही जीभ बरोबर ठाऊक होती. त्याचं नार्नियाचं पहिलं पुस्तक १९५० मध्ये आलं. त्यात बर्फाची चेटकीण एडमंड नावाच्या मुलाला जाळ्यात ओढते ती टर्किश डिलाइटने. साखर आणि कॉर्नफ्लॉवर आटवून केलेल्या, गुलाबपाण्याच्या वासाच्या आणि पिठीसाखरेत घोळवलेल्या या वड्या. आपल्या कराची हलव्यातलं तूप काढून टाका, साधारण तसंच. एवढ्यासाठी कुणी सख्ख्या भावंडांशी दगा करेल? पण त्या वर्षीची इंग्रज मुलं आठवा. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी गोळ्या-चॉकलेटं रेशनवर. एप्रिल १९४९ मध्ये बंधन उठवलं, तर दुकानं अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लादावं लागलं. शेवटी ते सुटलं १९५३ मध्ये. चेटकीण तर डबाभर वड्या देते, कूपन न मागता!

आता हाच टोमॅटोचा न्याय घरी लावून पाहा. यादवांच्या काळातल्या देवगिरीत घडणारी एखादी अद्भुतकथा कुणी मराठीत लिहायला घेतली, तर नायकाच्या ताटात मिरचीचा ठेचा नाही, बटाट्याची भाजी नाही, शेंगदाण्याची चटणीही नाही. सगळी मंडळी अमेरिकेची, पोर्तुगीज जहाजांच्या आधी इथे कुणी नव्हतं. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर पूर्णच बाद : साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तो टॅपिओका, दाणे, मिरची, बटाटा, सगळे परके. राहिलं ते तूप आणि जिरं.

तरी लेखकाने घाबरायचं कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात स्वयंपाकाचा मोठा भाग आहे. तिथे मांडे आहेत, वडे आहेत, इडली-डोशाचे पूर्वज आहेत. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा, वास हिंगाचा. शिवाय नदीकाठचे उंदीर कसे भाजायचे याचीही कृती आहे. एवढं हाताशी असताना त्या कथेत ड्रॅगन घेतला नाही तरी चालेल.