पाय सुजतात ते का?

केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची, आणि जरा गळकी. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. या रस्सीखेचीचा हिशेब ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. धमनीकडच्या टोकाला दाब साधारण ३५ मिमी पारा, शिरेकडे १५, प्रथिनांची ओढ २५. म्हणजे एका टोकाला पाणी बाहेर पडणार, दुसऱ्या टोकाला आत शिरणार. पाठ्यपुस्तकांतले हे चित्र सुबक खरे, पण पुरते बरोबर नाही. बहुतेक ऊतींमध्ये शिरेकडच्या टोकालाही पाणी थोडे बाहेरच झिरपत राहते, असे आता मानले जाते. (आतडे आणि मूत्रपिंड अपवाद, तिथे शोषून घेणे हेच काम.) झिरपलेले पाणी रक्तात परत नेतात त्या लसीकावाहिन्या. हत्तीरोगाचे जंत नेमके त्यांतच ठाण मांडतात, मग पाणी परत न जाता साचते आणि पाय सुजतो. विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरकडे हा आजार जुना. यकृत बिघडून अल्ब्युमिन घटले तरी पाय सुजतात. अशा सुजेवर बोट दाबले की खळगा काही वेळ तसाच राहतो.